ज्युरी ड्यूटी : दुखापतीच्या दाव्यात निकाल पुराव्यावर लागतो की ज्युरीच्या मनावर?

रानवारा (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

काही काळापूर्वी न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात ज्युरीवर, म्हणजे खटला ऐकून निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांत, बसले होते. खटला संपला, निकाल लागला, आता बोलायला हरकत नाही. तरी कुणाची ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

दावा साधा होता. साठी ओलांडलेली एक बाई किराणा दुकानात फ्रीजरसमोर साचलेल्या पाण्यावरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं. तिने दुकानावर नुकसानभरपाईचा दावा लावला. आमच्याकडे दिवाणी दाव्याला सहा जणांची ज्युरी, आणि सहातल्या पाचांचं जमलं की निकाल.

आतल्या खोलीत दार लावून बसलो आणि पहिलंच वाक्य कानावर पडलं, "हल्ली कुणीही उठतो आणि केस करतो." तोवर पुराव्याचा एक कागदही कुणी हातात घेतला नव्हता. पुढचा बराच वेळ तिच्या पायात कसल्या चपला होत्या, ती फोनवर बोलत होती का, एवढं पाणी तिला दिसलं कसं नाही, यावर गेला. दुकानाने फरशी पुसल्याची नोंदवही दाखल केली होती. सकाळपासून रात्रीपर्यंतच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात. मधे पाळी बदलली, माणूस बदलला, अक्षर मात्र तेच. त्या वहीकडे लक्ष जायला दुपार उजाडली.

भारतात आपण ऐकत आलो की अमेरिकेतली ज्युरी म्हणजे कंपन्यांना लुटून गरिबाला वाटणारे लोक. मला तर उलटं दिसलं. आधी संशय जातो तो जखमी माणसावर. ज्यांनी ज्युरीवर काम केलंय, जे वकील किंवा डॉक्टर आहेत, त्यांनी लिहावं. आपण मनात ज्या समजुती घेऊन त्या खोलीत शिरतो, त्यांचा निकालावर किती परिणाम होतो?

---

खारघरकर

पण ते मॅकडोनाल्ड्सच्या कॉफीचं काय मग? बाईने स्वतःच्या अंगावर कॉफी सांडली आणि ज्युरीने लाखो डॉलर दिले. आमच्या ऑफिसात अजून हा किस्सा सांगतात.

---

संगमेश्वरी (फ्रीमाँट)

वाचतेय. मला पुढच्या महिन्याचं समन्स आलंय, म्हणून धागा कामाचा आहे.

---

दिवाणीवाला (शिकागो)

खारघरकर, बरं झालं हा किस्सा काढलात. रानवाराताईंच्या मुद्द्याला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. मी वीस-एक वर्षं याच प्रकारच्या दाव्यांत वकिली करतो. आधी वादींच्या बाजूने करायचो, आता विमा कंपन्यांच्या बाजूने.

स्टेला लीबेक, वय ७९. फेब्रुवारी १९९२, न्यू मेक्सिकोतलं अल्बुकर्की. गाडी नातू चालवत होता, ती शेजारच्या सीटवर, आणि गाडी थांबलेली होती. दूध-साखर घालायला म्हणून तिने कप गुडघ्यात धरून झाकण काढलं आणि कॉफी सांडली. कॉफीचं तापमान ८२ ते ८८ अंश सेल्सियस. अंगातल्या सुती पँटने ती शोषून घेतली आणि कातडीला धरून ठेवली. मांड्या आणि जांघेत तिसऱ्या दर्जाची भाजणी, आठ दिवस इस्पितळात, त्वचारोपण. तिने कंपनीकडे २०,००० डॉलर मागितले, औषधोपचाराचा खर्च आणि मुलीचा बुडालेला पगार मिळून. कंपनीने ८०० डॉलर देऊ केले. त्यानंतर दावा.

आता ज्युरी. त्यातल्या काहींनी नंतर वर्तमानपत्रांना सांगितलं की सुरुवातीला आम्हाला हा खटला म्हणजे वेळेचा अपव्यय वाटला होता, कॉफी सांडली म्हणून कोर्ट कशाला? म्हणजे रानवाराताईंच्या खोलीत होतं तेच मन. ते बदललं कशाने? एक, भाजलेल्या मांड्यांचे फोटो. दोन, त्याआधीच्या दहा वर्षांत कंपनीकडे अशा भाजण्याच्या ७०० हून जास्त तक्रारी आल्या होत्या, ही माहिती. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कंपनीच्या तज्ज्ञाने साक्षीत सांगितलं की विकल्या जाणाऱ्या अब्जावधी कपांच्या हिशेबात हे आकडे नगण्य आहेत. समोर फोटो ठेवलेले असताना ते "नगण्य" ज्युरीला झोंबलं. संशयाची सुई म्हातारीकडून कंपनीकडे वळली ती तिथे.

तरीही ज्युरीने तिला २० टक्के दोषी धरलं. दोन लाखांची भरपाई एक लाख साठ हजारांवर आली. दंड म्हणून जे २७ लाख डॉलर लावले, ते कंपनीच्या साधारण दोन दिवसांच्या कॉफीविक्रीइतके होते. न्यायाधीशांनी तो दंड ४,८०,००० वर आणला आणि पुढे दोन्ही बाजूंनी बाहेर तडजोड केली, तिचा आकडा जाहीर झाला नाही. ऑफिसात किस्सा सांगताना लोक हा भाग गाळतात. आणि तो गाळलेला किस्सा ऐकून आलेली माणसं पुढे तीस वर्षं ज्युरीवर बसतात.

---

खारघरकर

दिवाणीवाला, धन्यवाद. यातलं ८०० डॉलरचं तर कधीच ऐकलं नव्हतं. उद्या ऑफिसात सांगतो.

---

पॅटीओवरची_तुळस (सॅन होजे)

ज्युरीतून सुटायचं असेल तर सोपा उपाय: "सगळे दावे खोटे असतात" असं सांगायचं. वकील लगेच घरी पाठवतात. माझ्या नवऱ्याने तेच केलं :)

---

मानसी_तुसान (ॲरिझोना)

तुळसताई, असं खोटं सांगून सुटणं मला पटत नाही. आपण सगळे सुटलो तर त्या खोलीत बसणार कोण? उद्या आपल्यापैकी कुणाचा खुबा मोडला तर?

मूळ मुद्द्याकडे येते, माझा अभ्यासाचा विषय जवळचा आहे. वॅलरी हान्स या संशोधिकेने दिवाणी खटल्यांत बसलेल्या खऱ्या ज्युरींच्या मुलाखती घेतल्या, त्यात रानवाराने सांगितलं तेच समोर आलं. वादीच्या हेतूवर शंका घेणं हा नियमच म्हणा. तो खरंच जखमी आहे का, आधीपासून काही दुखणं होतं का, स्वतः काळजी घेतली का, हे प्रश्न आधी येतात. ज्यांना "देशात दाव्यांचा सुळसुळाट झालाय" असं ठामपणे वाटतं, ते रक्कमही कमी देतात.

यामागे दोन गोष्टी आहेत. पहिली, जग न्यायाने चालतं अशी आपली गरज असते. चांगल्या माणसाचं उगीच वाईट होत नाही असं मानलं की झोप लागते, म्हणून घसरलेल्या बाईचं काहीतरी चुकलेलं असणारच. दुसरी, स्वतःचा बचाव. ती माझ्यासारखीच खरेदीला गेली होती आणि तिची काहीच चूक नव्हती, तर उद्या मीही पडू शकते. हे पचवण्यापेक्षा "मी असते तर पाहून चालले असते" म्हणणं सोपं जातं. वकील मंडळींना हे माहीत असतं. आपल्या अशिलाशी मिळतीजुळती माणसं ज्युरीत घ्यावीत असं वरवर वाटतं, पण तीच कधी कधी जास्त कठोर होतात.

---

डॉ_विदर्भ (ह्यूस्टन)

मी थोडं वेगळं मत मांडतो. मी शल्यचिकित्सक आहे. ज्युरीचं मन वादीविरुद्ध असतं म्हणता, मग आम्ही एवढे धास्तावलेले का असतो? माझ्या ओळखीत असा सर्जन नाही ज्याने दाव्याच्या भीतीने एखादी जास्तीची तपासणी लिहिली नाही. टेक्सासात २००३ साली कायदा करून डॉक्टरांवरच्या दाव्यात वेदनांसाठीच्या भरपाईला अडीच लाख डॉलरची मर्यादा घालावी लागली ती उगीच नाही. बारा अनोळखी माणसांना पित्ताशयाची शस्त्रक्रिया दोन दिवसांत समजावून सांगायची, आणि समोर व्हीलचेअरमधे बसलेला रुग्ण. तिथे सहानुभूती जिंकते.

---

दिवाणीवाला (शिकागो)

डॉक्टरसाहेब, तुमची भीती खरी आहे पण आकडे तिच्या बाजूने नाहीत. कोर्टात निकालापर्यंत गेलेल्या वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांत साधारण चारात एकदाच रुग्ण जिंकतो. साध्या मोटार अपघातात वादी निम्म्याहून जास्त वेळा जिंकतात. माझ्या पाहण्यात डॉक्टर कटघऱ्यात उभा राहिला की ज्युरी त्याच्याकडे आदरानेच बघते. व्हीलचेअर दिसते, पण "डॉक्टरने मुद्दाम थोडंच केलं असेल" हेही त्याच मनात असतं.

आणि ज्या मर्यादेचं तुम्ही म्हणता, ती बहुतेक ठिकाणी ज्युरीला सांगतच नाहीत. ते दहा लाख लिहितात आणि न्यायाधीश नंतर कात्री लावतात.

---

डॉ_विदर्भ (ह्यूस्टन)

जिंकणाऱ्यालाही तीन-चार वर्षं रोज त्या फाइलीसोबत जगावं लागतं, ते आकड्यांत येत नाही. माझा एक सहकारी जिंकला आणि तरी त्याने अवघड केसेस घेणं सोडलं. नुकसान रुग्णांचंच झालं. पण चारात एक हे मला माहीत नव्हतं, विचार करतो.

---

कॅरीकर (नॉर्थ कॅरोलायना)

आमच्याकडचा कायदा ऐकलात तर थक्क व्हाल. नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया, मेरीलँड, अलाबामा इथे वादीची एक टक्का जरी चूक निघाली तरी भरपाई शून्य. हा जुना इंग्लिश नियम, बाकी बहुतेक राज्यांनी सोडला, आम्ही धरून बसलोय. म्हणजे मानसीताई म्हणतात तो "मी असते तर पाहून चालले असते" वाला एक विचार, आणि बाई रिकाम्या हाताने घरी.

माझ्या शेजाऱ्याच्या दाव्यात असंच झालं. मागून गाडीने ठोकलं, पण त्याचा एक ब्रेकलाइट बंद होता. दिवसाढवळ्या, कोरड्या रस्त्यावर. ज्युरीने त्याचीही चूक धरली. त्यातल्या एकीने नंतर त्याच्या बायकोला दुकानात गाठून सांगितलं की आम्हाला वाटलं थोडे कमी मिळतील, काहीच मिळणार नाही हे लक्षात आलं नाही.

---

रानवारा (न्यू जर्सी)

कॅरीकर, हे फार वाईट. आमच्या न्यायाधीशांनी स्पष्ट सांगितलं होतं की वादीची चूक निम्म्याहून जास्त धरलीत तर तिला काहीही मिळणार नाही, आणि कमी धरलीत तर तेवढे टक्के वजा होतील. ते ऐकल्यावर खोलीतला सूरच बदलला. "साठ टक्के तिची चूक" असं सहज म्हणणारे गृहस्थ एकदम सावध झाले.

---

पेठेतला (पुणे)

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवर एकमत व्हायला चार वर्षं लागली. तुम्ही सहा अनोळखी माणसं टक्केवारीवर कशी येता हेच नवल. दंडवत!

---

वाळिंबे_कोर्टरोड (नाशिक)

मी नाशिकला मोटार अपघाताचे दावे चालवतो. आपल्याकडे ज्युरी नाही, त्यामुळे "मनाचा" प्रश्न संपला असं कुणाला वाटेल. संपलेला नाही, त्याची जागा बदलली आहे.

आमच्याकडे दावा न्यायाधिकरणापुढे चालतो आणि हिशेब ठरलेला. २००९ च्या सरला वर्मा निकालाने वयाप्रमाणे गुणक बांधून दिला: मृताचं वय ३६ ते ४० असेल तर १५, ४१ ते ४५ असेल तर १४, असं उतरत जातं. वार्षिक उत्पन्न, त्यातून स्वतःचा खर्च वजा, गुणिले गुणक. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने भविष्यातल्या वाढीचे टक्केही ठरवले. मग मन कुठे शिरतं? उत्पन्नात. भाजी विकणारीला पगारपत्रक नसतं, शेतमजुराला आयकर विवरण नसतं. तिथे साहेबांना माणूस कसा दिसला त्यावर महिन्याचे आठ हजार धरतात की चौदा. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाची किंमत धरायला हवी हे सर्वोच्च न्यायालयाला २००१ मधेही सांगावं लागलं आणि २०२१ मधेही पुन्हा सांगावं लागलं.

अपंगत्वातही तसंच. डॉक्टरचा दाखला म्हणतो डावा हात गेला, अमुक टक्के. पण २०१० च्या राजकुमार निकालात न्यायालयाने समजावून सांगितलं आहे की ड्रायव्हरचा किंवा सुताराचा हात गेला तर त्याची कमाई पूर्ण जाऊ शकते, कारकुनाची तेवढी जात नाही. हे कागदावर आहे. प्रत्यक्षात मी समोर उभा राहून दर वेळी तेच सांगतो.

आणि "चूक तुझीच" ही वृत्ती! मोटारसायकलवर तिघे बसले होते, मागून कारने उडवलं. विमा कंपनीचं पहिलं वाक्य, ट्रिपल सीट होते, रक्कम कापा. २०२० मधे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिघे बसले म्हणून आपोआप त्यांची चूक ठरत नाही, त्या बसण्याचा अपघाताशी संबंध दाखवायला हवा. खालच्या पायरीवर बसलेल्या माणसाच्या मनात ते उतरायला वेळ लागतो.

---

खारघरकर

वाळिंबे सर, आपल्याकडची ज्युरी नानावटी खटल्यामुळे बंद झाली ना?

---

वाळिंबे_कोर्टरोड (नाशिक)

तो फौजदारी खटला, इथे विषय दिवाणी आहे. थोडक्यात सांगतो. नौदल अधिकारी नानावटींवर खुनाचा आरोप होता. १९५९ मधे मुंबईत ज्युरीने त्यांना आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली, ती १९६१ मधे सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. पण त्यानंतरही देशात काही ठिकाणी ज्युरी चालू होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही. बाकी त्या ज्युरीवर वर्तमानपत्रांनी तयार केलेल्या वातावरणाचा परिणाम झाला असं तेव्हापासून बोललं जातं, म्हणजे तिथेही मूळ प्रश्न तुमच्या धाग्याचाच.

---

यारावाला (मेलबर्न)

आमच्या व्हिक्टोरियात अजून दुखापतीच्या दाव्यांना सहा जणांची ज्युरी मागता येते. इंग्लंडने मात्र हे १९६५ च्या वॉर्ड विरुद्ध जेम्स निकालानंतर जवळपास बंद केलं. कारण असं दिलं की एकाच प्रकारच्या दुखापतीला वेगवेगळ्या ज्युरी वेगवेगळी रक्कम देतात.

---

दिवाणीवाला (शिकागो)

या धाग्यासाठी एक निकाल सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. साउथ डकोटा, वॉर्गर विरुद्ध शॉअर्स. मोटारसायकलवाल्याला ट्रकने धडक दिली, त्याचा पाय कापावा लागला. ज्युरी निवडताना विचारलं, तुम्ही निःपक्षपाती राहू शकाल ना? सगळे हो म्हणाले. निकाल ट्रकचालकाच्या बाजूने लागला. मग ज्युरीतल्याच एकाने वादीच्या वकिलाला सांगितलं की आमच्या प्रमुख बाईंनी आत सांगितलं होतं, त्यांच्या मुलीच्या चुकीने एका अपघातात माणूस गेला होता आणि तिच्यावर दावा झाला असता तर तिचं आयुष्य बरबाद झालं असतं.

वादीने नवा खटला मागितला. डिसेंबर २०१४ मधे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नकार दिला. ज्युरीच्या खोलीत काय बोललं गेलं ते नंतर पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा नियम त्यांनी इथेही लावला. त्या खोलीची गुप्तता टिकली पाहिजे, नाहीतर हरलेला प्रत्येक पक्ष ज्युरींच्या मागे लागेल. मला ते कारण पटतं. आणि पाय गेलेल्या माणसाचंही वाईट वाटतं. दोन्ही एकदम.

म्हणूनच आधीची प्रश्नोत्तरं एवढी महत्त्वाची. तिथे माणूस खरं बोलला नाही तर पुढे जवळजवळ काही करता येत नाही.

---

पॅटीओवरची_तुळस (सॅन होजे)

हे वाचून मला वेगळीच शंका आली. आपले उच्चार, आपला रंग यांचा परिणाम? आपण वादी असू तर?

---

दिवाणीवाला (शिकागो)

होतो. एक नोंदलेलं उदाहरण देतो. लुइझियानातला बांधकाम कामगार थॅडियस एडमन्सन, कृष्णवर्णीय, कामावर जखमी झाला, त्याने काँक्रीट कंपनीवर दावा लावला. कंपनीच्या वकिलाने ज्युरीतले दोन कृष्णवर्णीय उमेदवार कारण न देता काढले. उरलेल्या बारांत अकरा गोरे. त्यांनी नुकसान ९०,००० डॉलरचं मान्य केलं, पण ८० टक्के चूक त्याचीच ठरवली, हातात आले १८,०००. १९९१ मधे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दिवाणी दाव्यातही वंश बघून ज्युरी काढता येणार नाहीत. बघा, दावा फेटाळला नाही, रक्कमही नाकारली नाही. टक्केवारीतून काम झालं. वेगळी ज्युरी असती तर आकडा काय आला असता हे कुणी सिद्ध करू शकत नाही, पण मन शिरायला टक्केवारीइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

---

मानसी_तुसान (ॲरिझोना)

आणि दुसरी जागा विम्याची. दुकानाचा विमा आहे म्हणून दुकान दोषी, असा पुरावा कोर्टात चालत नाही, त्यामुळे विम्याचं नाव सहसा निघत नाही. आमच्या ॲरिझोनात एक विरळा प्रयोग झाला: सगळ्यांच्या परवानगीने ५० खऱ्या दिवाणी खटल्यांत ज्युरींच्या खोलीत कॅमेरे लावून चर्चा चित्रित केल्या. बहुतेक खटल्यांत विम्याचा विषय निघालाच. गंमत म्हणजे "कंपनीचा विमा आहे, देऊन टाका" एवढंच नव्हतं. "हिचं इस्पितळाचं बिल हिच्या विम्याने भरलं असेल, मग परत कशाला द्यायचं?" हेही भरपूर. त्यांना हे ठाऊक नसतं की आरोग्य विमा कंपनी पुष्कळदा ते पैसे वादीकडून वसूल करते.

पण एक दुसरी बाजू मांडणं मला गरजेचं वाटतं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल सगळा लहरी कारभार आहे. १९५० च्या दशकात शिकागो विद्यापीठाने मोठा अभ्यास केला. सुमारे ४,००० दिवाणी खटल्यांत न्यायाधीशांना विचारलं, ज्युरी नसती तर तुम्ही कुणाच्या बाजूने निकाल दिला असता? शंभरातल्या ७८ खटल्यांत दोघांचं उत्तर एकच. उरलेल्यांत ज्युरी कधी वादीकडे झुकली, कधी प्रतिवादीकडे, जवळपास सारखीच. म्हणजे पुरावा भक्कम असेल तर तोच जिंकतो. तो दोन्ही बाजूंनी तोलला गेला असेल तिथे मन मोकळं सुटतं. रानवाराची नोंदवही नसती तर?

---

डॉ_विदर्भ (ह्यूस्टन)

मानसीताई, हा मुद्दा मात्र मला शंभर टक्के मान्य. आणि रक्कम? ती कशी ठरते? वेदनेला भाव कसा लावणार? मी रोज वेदना बघतो, मलाही सांगता येणार नाही.

---

मानसी_तुसान (ॲरिझोना)

डॉक्टर, तिथे मागितलेला आकडा काम करतो. १९९६ च्या एका प्रयोगात एकच काल्पनिक दावा वेगवेगळ्या लोकांना दिला. कुणाला सांगितलं वादीने १०० डॉलर मागितलेत, कुणाला २०,०००, कुणाला ५० लाख, कुणाला शंभर कोटी. जास्त मागितलं तसं लोकांनी जास्त दिलं. अगदी टोकाच्या मागणीने वादी लोभी वाटू लागली, पण रक्कम कमी नाही झाली.

---

रानवारा (न्यू जर्सी)

आमच्याकडे तोही आधार नव्हता. न्यू जर्सीत वादीचा वकील वेदनेसाठी अमुक रक्कम द्या असं म्हणूच शकत नाही. तो फक्त एवढंच सांगू शकतो की एका तासाच्या, एका दिवसाच्या दुखण्याचा विचार करा आणि मग ती किती वर्षं जगेल ते बघा. त्यामुळे आम्ही सहा जण कोऱ्या कागदासमोर.

आधी प्रत्येकाने स्वतःचा आकडा चिठ्ठीवर लिहिला, केवळ बोलणं सुरू व्हावं म्हणून. सरासरी काढून मोकळं व्हायची परवानगी नसते. सगळ्यात लहान आकड्याच्या जवळपास वीस पट सगळ्यात मोठा होता! पुरावा सहाही जणांनी एकच ऐकलेला. लहान आकडा गोदामात काम करणाऱ्या एका माणसाचा. त्याची पाठ कायम दुखते आणि तो तशाच पाठीने ट्रक भरतो. तो म्हणाला, "मला कोण देतंय?" त्याच्यावर रागवावं असं मला वाटलं नाही. त्याचं दुःख खरं होतं, फक्त ते या बाईच्या हिशेबात वजा होत होतं.

मग आमच्यातल्या एक निवृत्त परिचारिका बोलल्या. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला रात्री कूस बदलायला किती वेळ लागतो, संडासला जाताना कुणाला हाक मारावी लागते, बाथरूमच्या उंबऱ्याची भीती कशी बसते, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. गोदामवाल्याने आपला आकडा खोडला आणि वर नेला.

---

दिवाणीवाला (शिकागो)

रानवाराताई, हे लिहिलंत म्हणून सांगतो, प्रतिवादीचा वकील म्हणून मला यावर आक्षेप आहे. उलटतपासणी न झालेला तज्ज्ञ ज्युरीच्या खोलीत साक्ष देतोय असं झालं हे. परिचारिका, नर्स, फिजिओथेरपिस्ट यांना आम्ही म्हणूनच काढतो.

---

रानवारा (न्यू जर्सी)

तुमचा आक्षेप समजतो, पण पटत नाही. गोदामवाल्याची पाठही साक्षीला आलीच होती ना? तिची उलटतपासणी कुणी घेतली? सहा माणसं बोलावलीत ती आयुष्य जगलेली आहेत म्हणूनच. परिचारिकेने डॉक्टरच्या साक्षीविरुद्ध काही सांगितलं नाही, जे सगळ्यांनी ऐकलं होतं त्याला फक्त घरात आणून ठेवलं.

---

दिवाणीवाला (शिकागो)

गोदामवाल्याचा मुद्दा बरोबर आहे. आक्षेप मात्र कायम.

---

कॅरीकर (नॉर्थ कॅरोलायना)

मला एक आपल्या लोकांबद्दल सांगावंसं वाटतं. आपल्यात "सोसावं, बोभाटा करू नये" हे फार खोल आहे. आईचा हात मोडला तेव्हा ती तीन दिवस तशीच पोळ्या लाटत होती आणि आम्ही तिचं कौतुक करत मोठे झालो. तेच मन घेऊन ज्युरीवर बसलं की दावा करणारी बाई आधीच लहान दिसते. ज्याने सोसलं त्याला सोसायला लावणं हा न्याय नाही, हे मला इथे इतकी वर्षं राहून, शेजाऱ्याचं बघून कळलं.

---

संगमेश्वरी (फ्रीमाँट)

सगळं वाचलं. आता माझा प्रश्न. निवडीच्या वेळी विचारतील की "दावे फार वाढलेत असं तुम्हाला वाटतं का?" मला खरंच थोडंसं वाटतं. काय सांगू? आणि तरी मला बसायचंय.

---

दिवाणीवाला (शिकागो)

जसं आहे तसं सांगा. "हो, मला असं वाटतं, पण या बाईच्या दाव्याबद्दल मला अजून काहीच माहीत नाही." दोन्ही बाजूंच्या वकिलांना असं उत्तर देणारा माणूस घाबरवत नाही. आम्ही घाबरतो ते "मला कसलंच मत नाही" म्हणणाऱ्याला. कॅलिफोर्नियात दिवाणी दाव्याला बारा जण बसतात आणि नऊ जणांचं जमावं लागतं, त्यामुळे तुमचं मत एकटं पडलं तरी निकाल लागू शकतो. म्हणून बोलायचं ते लवकर बोला.

---

रानवारा (न्यू जर्सी)

आणि संगमेश्वरी, आत गेल्यावर दाखल झालेले कागद आधी टेबलावर मांडायला सांग. फोटो, वह्या, बिलं, सगळं. माणसांबद्दल बोलायच्या आधी. आमच्याकडे ते उशिरा झालं.

पेठेतला यांनी टक्केवारीचं विचारलं होतं: आम्ही दुकानाला ८५ आणि बाईला १५ टक्के धरलं. फ्रीजर गळतोय अशी तक्रार आधी नोंदवलेली होती, आणि ती वही एका बसणीत भरलेली असल्याचं पाच जणांना पटलं. सहावे गृहस्थ शेवटपर्यंत चपलांवरच होते.

---

संगमेश्वरी (फ्रीमाँट)

लिहून घेतलं. दिवाणीवाला काका, ज्युरीला कोर्टात प्रश्न विचारता येतात का?

---

दिवाणीवाला (शिकागो)

कॅलिफोर्नियात लेखी देता येतात. चिठ्ठी लिहून कर्मचाऱ्याकडे द्यायची, न्यायाधीश वकिलांशी बोलून ठरवतात विचारायचा की नाही. नोंदी काढायलाही वही-पेन मिळतं. दोन्हीचा उपयोग करा.